पाव फेरा

चांगुणाबाईंचा गोफणीचा हात एके काळी आसपासच्या चार गावांत नावाजलेला होता, आणि ही गोष्ट त्यांच्या सासरी कुणाच्या कानावरही नव्हती. नेवासा तालुक्यातल्या त्या गावात लग्न होऊन आल्याला त्यांना सत्तेचाळीस वर्षं झाली होती. नवरा गेला, मुलगा ज्ञानेश्वर साखर कारखान्यात लागला, सून आली. पण माहेरच्या शाळूची, माळ्याची, पाखरांची गोष्ट निघाली की चांगुणाबाई उठून काहीतरी कामाला लागायच्या. लोकांना वाटे, बाई मुळातच अबोल.

त्यांचं माहेर पाथर्डी तालुक्यातलं हिवरवाडी. सगळा माळ खडकाळ, पण ओढ्याच्या अंगाला काळ्या जमिनीचा एक पट्टा होता आणि त्यात दरसाल डोईच्या वर शाळू लागायचा. पौषात कणसात चीक भरला की भोरड्या यायच्या. काळ्या डोक्याची, गुलाबी अंगाची ती पाखरं हजारांनी उतरत, आणि रान तासाभरात धुऊन नेत. म्हणून वडलांनी, म्हणजे आप्पांनी, रानात दोन माळे घातले होते. चार मेढी, वर फळ्या, त्यावर कडब्याचं अंथरूण. रानाच्या मधोमध चांगुणाचा माळा, आणि उगवतीला बांधापलीकडे तिच्या थोरल्या भावाचा, सहादेवचा.

ती चौदा वर्षांची, तो सोळा. उजाडायच्या आत दोघं माळ्यावर. हातपाय गारठलेले, कणसांवर दव, खाली ओल्या धाटांचा गोडसर वास. फडक्यात बांधलेली भाकरी आणि लसणाची चटणी दोघांची वेगळी असायची, पण सहादेव आपली चटणी संपवून बांध ओलांडून तिची मागायला यायचा. ऊन वर आलं की अंगातला स्वेटर काढून माळ्याच्या मेढीला टांगायचा, आणि मग दिवसभर आरोळ्या. एका माळ्यावरून हाळी गेली की दुसऱ्यावरून उत्तर यायचं. शाळा बुडायची, त्याचं दुःख दोघांनाही नव्हतं.

गोफण वडलांनीच शिकवली. अंबाडीच्या वाखाची वीण, मध्ये दगड ठेवायला वाटीसारखी खोळ, तिच्या दोन अंगांना दोन दोऱ्या. एका दोरीचा फास बोटात अडकवायचा, दुसरीचं टोक त्याच मुठीत नुसतं धरायचं. डोक्यावरून तीन फेरे, आणि तिसऱ्याला ते सुटं टोक सोडायचं. दोरी फट्कन वाजते, दगड जातो. वडील म्हणायचे, "दगडाकडं बघू नगंस. मुठीला इचार." महिनाभरात चांगुणा बाभळीच्या ठरावीक फांदीवर दगड मारायला लागली. दुसऱ्या गावचे लोक बांधावर थांबून बघायचे. सहादेवला ते जमत नसे. त्याचे दगड कुठंही जायचे आणि तो हसायचा.

त्या दिवशी सकाळी भोरड्यांचा थवा वरच्या अंगाला, म्हणजे तिच्या अगदी समोर बसला. तिनं दगड भरला, फेरे घेतले. दोन झाले, तिसरा पुरा व्हायच्या आतच हाताला हलकं लागलं. दगड समोर गेलाच नाही. उजव्या हाताला सहादेव माळ्यावर उभा राहून आरोळी देत होता, ती आरोळी मध्येच तुटली. तो खाली बसला. तिला आधी वाटलं, हा सोंग करतोय.

बैलगाडीनं रस्त्यापर्यंत, तिथून एस्टीनं नगरला, मोठ्या दवाखान्यात. डावा डोळा गेला. वडील चौथ्या दिवशी परत आले. रानात पडलेली गोफण त्यांनी शोधून आणली आणि चुलीत घातली. तिला एक चापटसुद्धा मारली नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं, असं तिला पुढे कैक वर्षं वाटत राहिलं.

सहादेवला एस्टीचा ड्रायव्हर व्हायचं होतं. ते राहिलं. त्यानं शेती केली, शेळ्या केल्या, लग्नही उशिरा झालं. चांगुणाला त्यानं एका शब्दानं बोल लावला नाही. ती मात्र राखीपौर्णिमेला जायची, ओवाळायची, आणि मुक्काम न करता दुपारच्या गाडीनं परत यायची. पुढे तेही दोन-तीन वर्षांतून एकदा झालं.

सासरी कालव्याचं पाणी आलं तसा शाळू गेला आणि ऊस आला. उसाला पाखरं राखायची गरज नसते. चांगुणाबाईंना मनातून सुटल्यासारखं झालं. गावात आता पंचविशीच्या आतल्या कुणी गोफण पाहिलीच नव्हती.

सून मोनिका संगमनेरची. नेवाशाच्या ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवायची. लग्नाला चार वर्षं झाली होती. सासूसुनेचं भांडण असं कधी झालं नाही, पण गप्पाही झाल्या नाहीत. एकीचं शिक्षण दुसरीला कळत नव्हतं, आणि दुसरीचं मौन पहिलीला. मोनिका गावच्या रीतीप्रमाणं सासूला "आत्या" म्हणे, डबा भरून घेई आणि स्कूटीवर निघून जाई.

डिसेंबरातली संध्याकाळ होती. चांगुणाबाई ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. मोनिका चहाचा कप घेऊन पायरीवर टेकली. दिवसभराची चिडचिड तिच्या तोंडावर होती.

"काय झालं गं?" चांगुणाबाईंनी विचारलं.

"काही नाही आत्या. समतलातली गती शिकवतेय. म्हणजे वस्तू सरळ रेषेत न जाता आडवी-उभी, वळत कशी जाते ते. सूत्रं सगळ्यांना पाठ आहेत. मी साधं विचारलं, दोरीला दगड बांधून डोक्यावर फिरवला आणि दोरी सोडली, तर दगड कुठं जाईल? साठातल्या पन्नासांनी सांगितलं, हातापासून सरळ बाहेर फेकला जाईल."

चांगुणाबाईंनी शेंगेतून नजर काढली नाही. "भायेर न्हाई जात," त्या म्हणाल्या. "सुटायच्या टायमाला त्याचं त्वांड जिकडं आसंल तिकडं जातो. नीट. फेऱ्याला घासून."

मोनिकानं कप खाली ठेवला. वर्गात तासभर सांगून जे गळी उतरलं नव्हतं ते सासूनं तीन वाक्यांत सांगितलं होतं. "तुम्हाला कसं माहीत?"

"गोफण मारायची म्या."

एवढंच बोलून त्या पुन्हा शेंगा सोलू लागल्या. मोनिकानं आणखी दोन-चार प्रश्न विचारून पाहिले. मग ती म्हणाली, "एकदा मारून दाखवाल? मी मोबाईलवर घेईन आणि मुलांना दाखवीन."

"न्हाई."

"बरं," मोनिका म्हणाली आणि उठली. दारापाशी गेल्यावर चांगुणाबाईंचा आवाज आला.

"आन् मोनिका, दगुड कुठं पडला ते ठावं आसलं, तर तो कवा सुटला ते कळतं का?"

"कळतं की. मारणारा कुठं उभा होता आणि फेरा कुठल्या बाजूनं होता ते माहीत असलं, तर नक्की कळतं."

दुसऱ्या दिवशी चांगुणाबाईंनी बाजारातून सुतळीचा गुंडा आणवला. अंबाडी आता कुणी लावत नव्हतं. तीन दिवस दुपारी त्या दारात बसून विणत होत्या. मध्येच विसरायच्या, उसवायच्या, पुन्हा घालायच्या. बोटांना आठवत होतं, पण बोटं सुजकी झाली होती. चौथ्या दिवशी गोफण झाली.

रविवारी सकाळी घरामागच्या तुकड्यात दोघी गेल्या. तिथला ऊस नुकताच तुटून गेला होता, रान मोकळं होतं. दगड नको म्हणून चांगुणाबाईंनी चिखलाचे गोळे करून आदल्या दिवशी वाळवले होते. मोनिका घराच्या स्लॅबवर चढली. वरून सगळा फेरा नीट दिसणार होता. तिनं मोबाईल संथ चित्रणावर लावला आणि हात बाहेर काढून धरला.

चांगुणाबाईंनी पदर खोचला. गोळा खोळीत ठेवला. फास बोटात घातला. मग बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या. मोनिकानं वरून हाक मारली नाही, हे तिचं शहाणपण.

पहिला गोळा पायाशी पडला, दुसरा मागे गेला. तिसऱ्याला दोरी फट्कन वाजली आणि गोळा समोरच्या लिंबाच्या बुंध्यावर फुटला. स्लॅबवरून मोनिकाला दिसलं, की सासूच्या चेहऱ्यावर क्षणभर एक अनोळखी मुलगी आली आणि गेली.

दुपारी मोनिकानं जेवणाच्या टेबलावर आलेखाचा मोठा कागद पसरला. चित्रण एकेक पाऊल पुढे सरकवत ती गोळ्याची जागा कागदावर मांडत गेली. ठिपक्यांचं एक गोल कडं तयार झालं, मधोमध मूठ. चांगुणाबाई चष्मा लावून शेजारी बसल्या.

"हे ठिपके म्हणजे गोळा कुठं होता ते," मोनिका म्हणाली. "त्याचं स्थान. आडवं किती, उभं किती, एवढंच. आता एका ठिपक्यापासून पुढच्या ठिपक्यापर्यंत बाण काढला. तेवढ्या वेळात तो किती सरकला आणि कोणत्या दिशेला, दोन्ही यात आलं. हा झाला वेग."

"त्येचं त्वांड."

"हो, तोंड आणि जोर, दोन्ही. बाण बघा, कड्याला घासून चाललाय. मुठीपासून बाहेर एकही जात नाही. आता गंमत. हे सगळे बाण लांबीला सारखे आहेत. म्हणजे गोळा ना जास्त पळतोय ना कमी. मुलं म्हणतात, मग वेग बदललाच नाही. पण दिशा बदलली की वेग बदलला. किती बदलला ते काढायचं." तिनं दोन लगतचे बाण कोपऱ्यात पुन्हा काढले, दोघांची शेपटं एका ठिकाणी ठेवली आणि पहिल्याच्या टोकापासून दुसऱ्याच्या टोकापर्यंत तिसरा छोटा बाण काढला. "हा बदल. याला त्वरण म्हणतात. आता हा छोटा बाण उचलून गोळ्याच्या जागेवर ठेवू. कुणीकडं बघतो?"

"मुठीकडं," चांगुणाबाई म्हणाल्या. "ते ठावं हाय मला. लोकं म्हनतात दगुड भायेर वढतो. दगुड कशाला वढंल? म्या वढते त्याला आत. म्या सोडलं का तो आपला नीट चालला."

मोनिकानं पेन्सिल खाली ठेवून सासूकडे पाहिलं. "पुस्तकात याला दोन पानं घेतली आहेत," ती म्हणाली.

मग तिनं पहिला फेराही मांडला. तिथे बाण लांब लांब होत गेले होते, आणि बदलाचा छोटा बाण बरोबर मुठीकडे न पाहता जरा पुढे कलला होता. जोर वाढवताना हात दोन कामं करतो, आत ओढायचं आणि पुढे लोटायचं, असं तिनं सांगितलं. चांगुणाबाईंनी मान हलवली. हाताला ते ठाऊक होतं. दुसरं चित्रण मोनिकानं खाली उतरून बाजूनं घेतलं होतं, गोळा सुटल्यानंतरचं. त्याचे ठिपके आडव्या अंगानं सारख्या अंतरावर पडले होते, खाली मात्र जास्त जास्त उतरत होते. तिथले बदलाचे बाण जवळजवळ एकसारखे निघाले, सगळे सरळ खाली.

"हाताची वढ सुटली का जिमिनीची तेवढी ऱ्हाती," चांगुणाबाई म्हणाल्या. मग चष्मा काढून पदरानं पुसत त्यांनी विचारलं, "आता मला सांग. म्या समोर मारला, आन् दगुड गेला हिकडं, उजव्या अंगाला. तर तो कुठं आसताना सुटला?"

मोनिकानं कडं पाहिलं. उजवीकडे बघणारा बाण शोधला आणि त्याच्या ठिपक्यावर बोट ठेवलं. "इथं. डोक्याच्या मागं. समोर जायला हवा तर तो तुमच्या उजव्या खांद्याशी सुटायला पाहिजे. म्हणजे पाव फेरा आधी सुटला."

"पाव फेरा."

"एका सेकंदात तुमचे दोन फेरे होतात. म्हणजे सेकंदाचा आठवा भाग. पापणी लवते तेवढ्यात."

चांगुणाबाईंनी त्या ठिपक्यावर आपलं बोट ठेवलं आणि सगळं सांगितलं. सहादेव, माळा, तुटलेली आरोळी, चुलीत गेलेली गोफण. आवाज चढला नाही, डोळ्यांत पाणी आलं नाही. इतकी वर्षं मनात घोळून शब्द गुळगुळीत झाले होते. "बोट सुटलं माझं," शेवटी त्या म्हणाल्या. "पाखराकडं बघता बघता बोट ढिलं पडलं आसंल."

मोनिकाला सांत्वन करता आलं असतं, पण तिनं खरं तेच सांगितलं. "आत्या, दगड कधी सुटला एवढंच हा कागद सांगतो. बोटानं सोडला की दोरीनं, ते नाही सांगत. तिथं बघणारं दुसरं कोण होतं?"

"सहादेवदादाच."

संक्रांतीच्या आधीच्या रविवारी दोघी एस्टीनं हिवरवाडीला गेल्या. बिगरमुक्कामाची पिशवी घेऊनच. सहादेवनं ओढ्याकाठच्या रानात अजून शाळू ठेवला होता, अर्धा एकर, घरापुरता. भोरड्या आता तुरळक येत. त्यानं बांधावर आगटी पेटवून कणसं भाजली, हुरडा चोळून ताटात घातला. सहासष्ट वर्षांचा, वाळका, हसरा माणूस. डाव्या पापणीखाली खळगा.

हुरडा खाऊन झाल्यावर चांगुणाबाईंनी मोनिकाकडून तो कागद घेतला आणि भावापुढे पसरला. "दादा, ही मी. हा माझा फेरा. हितनं सुटला आसता तर पाखरावर गेला आसता. सुटला हितनं. पाव फेरा आधी. म्हनून तुझ्यावर आला. तवापास्नं मला ठावं न्हवतं काय झालं ते. आता येवढं कळलं."

सहादेव कागदाकडे बघत राहिला. त्याला बाण कळले का नाही कोण जाणे. आगटीतलं एक कणीस करपत होतं, ते त्यानं काढलं नाही.

"बोट न्हाई सुटलं तुझं," तो म्हणाला. "दोरी तुटली."

"तुला काय ठावं?"

"ती माझी गोफन हुती. त्या दिशी सकाळी तू खाली पानी आनाया गेल्तीस, तवा म्या बदलली. तुझी नवी हुती, चांगली जायाची. माझी सुट्या दोरीला झिजली हुती, दोन पिळ उरल्ते. म्हनलं, एक दिस हिच्या गोफनीनं मारून बघावं. आपला बी नेम लागंल."

मोनिका उठून ओढ्याकडे चालू लागली.

"आन् पन्नास वर्सं गप बसलास?" चांगुणाबाई म्हणाल्या.

"आधी आप्पांचं भ्या वाटलं. त्यांनी गोफन जाळली, तवा म्हनलं, संपलं. मग तुझं लगीन झालं. मला वाटायचं, केलं म्या, भोगलं म्या. डोळा माझाच गेला, फिटलं. तू बी भोगतीयास हे मला कुठं ठावं? तू तर लगोलग निघून जायाचीस. मला वाटायचं, तुला माझं त्वांड बघवत न्हाई."

चांगुणाबाई उठल्या. कागदाची घडी केली, पिशवीत घातली आणि रस्त्याकडे चालू लागल्या. सहादेव मागून आला नाही. गाडीत त्या खिडकीशी बसल्या आणि पार नेवाशापर्यंत बाहेर बघत राहिल्या. मोनिकाला वाटलं, आपण हे उकरून काढायला नको होतं.

त्यानंतर तीन आठवडे सहादेवचा फोन यायचा आणि चांगुणाबाई तो वाजू द्यायच्या. राग खरा होता. चौदा वर्षांच्या पोरीचा राग होता तो, पन्नास वर्षं उशिरा आलेला, आणि त्यांनी तो मनसोक्त केला. पण त्याच दिवसांत मोनिकानं पाहिलं, की सासू सकाळी काम करता करता काहीबाही बोलू लागली आहे. कडब्याच्या अंथरुणात निघणाऱ्या विंचवांचं, आप्पांच्या खोकल्याचं, सहादेव शिट्टी वाजवून साळुंकीला कसा फसवायचा त्याचं. सांगताना ती थांबायची, हसायची, आणि पुढची गोष्ट काढायची. मोनिका कॉलेजला उशिरा पोचू लागली. वर्गात तिनं ते चित्रण दाखवलं. पोरांनी मैदानावर आपापल्या गोफणी करून ठिपके मांडले आणि दोन काचा फोडल्या, त्याबद्दल तिला प्राचार्यांचं ऐकून घ्यावं लागलं.

फेब्रुवारीत एका सकाळी चांगुणाबाईंनी स्वतःच फोन लावला. "शेळ्या कुनाकडं तरी ठेव," त्या म्हणाल्या, "आन् आठ दिस ऱ्हायला ये. कापडं जास्तीची आन."

सहादेव दोन दिवसांनी एस्टीतून उतरला. बहिणीच्या घरी तो याआधी फक्त तिच्या लग्नात आणि मेव्हण्याच्या दहाव्याला आला होता. आठ दिवसांचे बारा झाले. दोघं म्हातारी सकाळ-संध्याकाळ कालव्याच्या कडेनं फिरायला जात आणि बोलत, एकाच वेळी दोघंही, कारण बोलायचं फार साठलं होतं. रस्त्यानं ऊस भरलेले ट्रॅक्टर सुसाट येत. चांगुणाबाई भावाच्या डाव्या अंगानं चालायच्या, कारण तिकडून येणारं त्याला दिसत नसे. ट्रॅक्टर जवळ आला की त्या बोलणं न थांबवता त्याचं कोपर धरून त्याला जरा आत ओढायच्या, आणि तो गेला की सोडून द्यायच्या.